सफेदी दिसली की बोलायचं

मला लेथ मशीनवर चाचांनी बसवलं, हे आधी सांगते. पुढं जे लिहिणार आहे त्यात चाचा कधी तिरसट दिसतील, कधी नुसते हट्टी, आणि मी तर कशीच बरी दिसणार नाही. म्हणून पहिल्यांदा हेच लिहून ठेवते. आठवीत शाळा सुटलेल्या, नवरा टाकून गेलेल्या, मुकुटबनहून पुसदला येऊन अडकलेल्या बाईच्या हातात आज जे काम आहे, ते चाचांचं आहे.

काम काय, ते सांगितलं तर गावाकडे कोणी मानत नाही. पूल खेळायची काठी असते, इथं सगळे तिला स्टिक म्हणतात. तिच्या टोकाला चामड्याची बारकी टोपी चिकटवलेली असते, ती टिप. गोटीला लागते ती टिपच. खेळून खेळून ती चपटी होते, कडेनं फुगते, मग उपटून नवी बसवतात. नवी टिप काठीपेक्षा जाड असते. काठी मशीनमध्ये धरून गरगर फिरवायची आणि धारदार पात्यानं ते जास्तीचं चामडं उतरवत काठीच्या बरोबरीला आणायचं. बोट फिरवलं तर चामडं कुठं संपलं आणि काठी कुठं सुरू झाली हे कळू नये. मी एकदा फोनवर आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे तू खेळातल्या काठ्या सोलून राह्यली." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

चाचा मूळचे खरादी. पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याचे दांडे काढायचे. तयार फर्निचर आलं आणि त्यांच्या पलंगाच्या पायांना कोणी विचारेना. तेव्हा आमच्या मालकानं, शेठनं, पहिल्या मजल्यावर पूलचा हॉल काढला होता, चार टेबलांचा. चाचांनी आपली खराद, म्हणजे हीच लेथ, चार माणसांच्या खांद्यावर देऊन जिन्यानं वर चढवली आणि मागच्या खिडकीशी मांडली. मशीन चाचांची, जागा शेठची. हळूहळू दिग्रस, उमरखेड, यवतमाळहून स्टिका यायला लागल्या. नांदेडची पोरंसुद्धा एसटीनं यायची, काठी कापडात गुंडाळून, बाळासारखी मांडीवर घेऊन.

आणि ज्या खेळावर पोट, त्या खेळाचा चाचांना मनापासून राग. "जवान जवान पोट्टे," ते लवंग चघळत म्हणायचे, "काठीनं गोट्या ढकलून राह्यले. आमच्या काळात हे काम पाच वर्साचं लेकरू करे, अन् त्याले माय धपाटे घाले."

गिऱ्हाईक समोर असलं तरी हेच. कोणी स्टिक भिंतीला तिरपी टेकवून ठेवली की संपलं. चाचा ती उचलायचे, टेबलावर गडगडवायचे आणि परत द्यायचे. "घेऊन जा बावा."

"काहून चाचा? टिप तर बसवून द्या."

"तिरपी ठेवून ठेवून तू तिले वाकवली. वाकड्या काठीले सरळ टिप बसवून मी कोणाले फसवू? गोटीले?"

पोरं हसायची. शेठ हसायचा नाही. त्याचं गिऱ्हाईक जायचं.

मी तिथं झाडू मारायला लागले होते. नवरा टेंपो चालवायचा, त्याच्यामागं मी पुसदला आले, आणि वर्षाच्या आत तो दुसऱ्या गावी दुसऱ्या घरी गेला. मुकुटबनला परत जावं तर भावजयीनं आधीच फोनवर विचारून ठेवलं होतं, "किती दिवसासाठी येता?" जिल्हा एकच, पण एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दिवस मोडतो, आणि त्या प्रश्नानंतर तर तो रस्ता आणखीच लांबला. शेठनं हॉलच्या गच्चीवरची टिनाची खोली राहायला दिली. झाडू, पुसणं, टेबलाचं हिरवं कापड ब्रशनं साफ करणं. तेवढ्यावर माझं चालू होतं आणि ते कधी बंद होईल या धाकात मी जगत होते. जिन्यात शेठची चप्पल वाजली की मी पुसलेलंच टेबल परत पुसायला घ्यायचे.

चाचांचं माझ्याशी पहिलं बोलणं म्हणजे शिवीच होती. मी मशीनखालचा चामड्याचा कचरा लोटून नेला.

"ए बाई! कोणी सांगतलं तुले?"

"कचरा होता, चाचा."

"कचरा? माहा सारा हिशेब झाडून नेला तुनं, भैताड!"

मग कळलं. टिप तासताना चामडं कसं निघतं, त्यावरून ते पात्याची धार ओळखायचे. शेवईसारखा लांब सलग धागा निघाला तर पातं ठीक. भुगा पडायला लागला की पातं बोथट झालं. बोथट पातं चामडं कापत नाही, ओढतं. ओढलं की टिप तापते, तापली की चिकटवण सुटते, आणि फिरत्या काठीवरून टिप उडते. एकदा ती अशी उडून एका पोराच्या गालावर बसली होती, म्हणे. चाचांनी त्याला मलम लावण्याआधी टिप शोधली.

"धारेले भेऊ नको," ते मला पुढं सांगायचे, "धारवालं पातं सांगून कापते. बोथटाले भे."

पाती ते स्वतः करायचे. लोखंड कापायच्या मोठ्या करवतीचं तुटलेलं पातं आणून दगडावर घासायचे, मग तेलाच्या दगडावर, मग जुन्या चामडी पट्ट्यावर. एक पातं व्हायला दोन दोन दिवस. धार पाहायला कापसाची बारीक लड हवेत धरायची आणि पातं तिच्यातून नुसतं न्यायचं. लड हलली तर पातं परत दगडावर. लड न हलता दोन तुकडे झाले तर ते पातं फडक्यात गुंडाळून डब्यात. आणि डब्यातल्या पात्यानं चामड्याशिवाय काहीही कापायचं नाही, हा कायदा. दोरा नाही, कागद नाही, काही नाही.

शेठनं हा कायदा मोडला. त्याच्या मुलाचा वाढदिवस होता, हॉलमध्ये केक आला होता, खोक्याची सुतळी सुटेना. शेठनं चाचांच्या डब्यातून पातं काढलं आणि सुतळी कापली. चाचा उठले. पातं त्याच्या हातातून घेतलं, मशीनच्या शिकंज्यात धरलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर कट्‌कन मोडलं. दोन्ही तुकडे केकच्या खोक्यावर ठेवले.

"अरे चाचा, सुतळीच तं कापली," शेठ हसत म्हणाला. हसणं ओठावरच होतं.

"तुमच्यासाठी सुतळी हाय," चाचा म्हणाले. "माह्यासाठी दोन दिवस हाय."

माझ्या मते शेठच्या मनात चाचा त्या दिवशीच हॉलमधून गेले. बाकी नंतर फक्त निमित्त लागलं.

मी मशीनच्या जवळ कशी गेले ते नीटसं आठवत नाही. कचरा न लोटता आधी त्यांना दाखवायचा, एवढ्यावरून सुरुवात झाली. एकदा वाकून पाहत होते तर ते बटण बंद करून माझ्यावर असे ओरडले की चारही टेबलांवरचा खेळ थांबला. माझी वेणी पुढं आली होती. "मशीनले नातं कळत नाही! ते भाभी म्हणत नाही का मावशी म्हणत नाही. वढून घेते." दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक रुमाल आणला. केस बांधून त्यात कोंबल्याशिवाय मला मशीनपासून दोन हातांच्या आत येऊ द्यायचे नाहीत. ते स्वतः बाह्यांना रबर लावायचे, बोटातली अंगठी काढून शर्टाच्या खिशात टाकायचे आणि मग डोळे मिटायचे.

ते डोळे मिटणं पाहायलाच तर पोरं यायची. चाचा डोळे मिटून टिप तासतात, हे सगळीकडे झालं होतं. पोरं मोबाईल धरून उभी राहायची. फिरती काठी, हातात वस्तऱ्यासारखं पातं, आणि हा म्हातारा डोळे मिटून मान जराशी तिरपी करून ऐकतोय. "बह्याड हाय बुढा, पन हात पाह्य," असं म्हणायची. चाचा म्हणायचे, "पाहून करनारा कारागीर कायचा?"

एक दिवस मी त्यांच्या उजव्या हाताशी चहाचा कप ठेवला. ते माझ्या बाजूलाच बघत होते. डोळे उघडे. दोन मिनिटांनी म्हणाले, "बाई, आज चाय नाही भेटत का?"

कप त्यांच्या समोर होता. वाफ येत होती.

मी कप सरकवून त्यांच्या बोटांना लावला. त्यांनी तो उचलला, एक घोट घेतला आणि हळूच म्हणाले, "शुगरनं खाल्ले डोळे. एक गेला. दुसऱ्यात धूर हाय नुसता. बोलशील कोणाले?"

"नाही बोलणार."

"तुह्या पोटात राह्यते का गोष्ट?"

"राह्यते, चाचा."

पितळी बांगडीच्या स्टिका त्यांना अवघड नव्हत्या. टिपच्या खाली काठीला एक बांगडी असते. ती पितळेची असली तर पातं लागताच चर्र करून आवाज येतो आणि चाचा तिथंच हात उचलतात. पण आता बहुतेक काठ्यांना पांढरी प्लास्टिकची बांगडी यायला लागली होती. ती बोलत नाही. चामडं काय नि ती काय, पात्याखाली सारखीच मऊ. चामडं बरोबरीला आलं की कडेला एक पांढरी रेघ चमकते, तिथं थांबायचं. केसभर पुढं गेलं तर बांगडीत खाच पडते आणि काठी बाद होते. ती रेघ डोळ्यांनीच दिसते.

मग आमचं ठरलं. मी झाडू हातात घेऊन, कचऱ्याची वाट पाहत असल्यासारखी त्यांच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसायचं. रेघ चमकली की हळू आवाजात म्हणायचं, "सफेदी." ते हात उचलायचे. पोरांना वाटायचं बाई काहीतरी पुटपुटते, देवाचं नाव घेते. आठ महिने एकही काठी बाद झाली नाही. त्या आठ महिन्यांत दुपारी हॉल रिकामा असला की त्यांनी माझ्या हातात पातं दिलं, माझ्या मनगटावर आपली दोन बोटं ठेवली आणि मला काम शिकवलं. बोटांना कळायचं, माझा हात भ्यालेला आहे का. भ्याला असला की म्हणायचे, "थांब. आधी भेऊन घे, मंग लाव."

तारीफ कधी नाही. मी पहिली काठी पूर्ण केली, त्यांनी अंगठा फिरवला. मी विचारलं, "चांगली झाली?"

"खराब नाही झाली म्हणून नाचू नको."

त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

शेठला संशय कशावरून आला, मला माहीत आहे. चाचा जिन्यात भिंतीला हात लावून चढायचे, पायऱ्या मोजायचे. आणि एकदा शेठ समोर उभा असताना त्यांनी त्यालाच म्हटलं, "शेठ आले का पाह्य बरं." शेठ तसाच मागं फिरला होता, आणि त्यानंतर माझ्या पुटपुटण्याकडे कान लावायला लागला होता.

रविवार होता. हॉल भरलेला. दिग्रसच्या एका कंत्राटदाराचा मुलगा महागाची स्टिक घेऊन आला होता, पांढऱ्या बांगडीची. मी पाण्याची बाटली घेऊन जिना चढत होते, तिथं शेठनं मला थांबवलं.

"काम करतेस, खोली वापरतेस, कधी भाडं मांगलं का?"

"नाही, शेठ."

"मंग आज तोंड उघडू नको. मले पाहू दे बुढ्याले दिसते का नाही. तू बोलली का दोघंही जा. समजलं?"

मी मान हलवली. हलवली, हे खरं आहे. कोणी माझं मुंडकं धरून हलवलं नव्हतं.

मी जाऊन स्टुलावर बसले. मागं शेठ, त्याच्या मागं कंत्राटदाराचा मुलगा, बाजूला मोबाईल धरलेली पोरं. चाचांनी अंगठी काढली, रबर लावले, डोळे मिटले. पातं लागलं. धागा सुटला, लांब, सलग, तपकिरी. इतकं सुंदर काम त्यांनी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. धागा त्यांच्या गुडघ्यावर साठत होता.

रेघ चमकली.

मी पाहिली. माझ्याइतकी स्पष्ट ती कोणीच पाहिली नसेल. गळ्यापर्यंत शब्द आला होता. डोक्यात मात्र खोलीचं टिन होतं, पत्र्याची पेटी होती, भावजयीचा आवाज होता.

चाचांचा हात थबकला. त्यांना अंदाज आला असावा. डोळे न उघडता, मान माझ्याकडे किंचित करून त्यांनी विचारलं, "सफेदी?"

मी गप्प.

त्यांनी माझ्या गप्प बसण्यावर भरवसा ठेवला. बाई बोलत नाही म्हणजे अजून आली नाही. त्यांनी पातं पुढं नेलं.

तपकिरी धाग्यात पांढरं मिसळलं. चाचांनी तो धागा चिमटीत धरून चोळला, मशीन बंद केली आणि बांगडीवर अंगठा फिरवला. खाच त्यांच्या नखाला लागली. पोरं पुढं वाकून पाहत होती. कंत्राटदाराचा मुलगा ओरडला, "अरे, काठीच कापली यानं!"

"काय झालं चाचा?" शेठनं विचारलं. आवाजात मध होता.

आता हे माझं नाव घेणार. मी झाडू घट्ट धरला.

"हात चुकला," चाचा म्हणाले.

"हात का डोळे?"

चाचांनी डोळे उघडले आणि आवाजाच्या दिशेनं धरले. "तुमाले माहीत हाय तं कायले विचारता? पोट्ट्याले नवी स्टिक मी देतो. आजपासून मी बसत नाही."

शेठनं घाई केली. नांदेडला एक माणूस आहे, त्याची स्वतःची नवी मशीन आहे, तो यायला तयार आहे, असं काहीतरी. चाचांनी त्याला मधेच तोडलं.

"त्याले काहून आनता? माही खराद इथंच राह्यते. पन तिच्यावर ही बाई बसन. दुसऱ्या कोनी हात लावला तं उद्याच गाडी आनून घेऊन जातो."

"ही? झाडूवाली?"

"आठ महिने झाले हीच पाहून राह्यली काम," चाचा म्हणाले. शेठला यातलं किती कळलं, कोण जाणे. फुकटात मशीन राहतेय आणि नांदेडवाल्याला जागा द्यावी लागत नाही, एवढं मात्र त्याला लगेच कळलं. तो म्हणाला, "पाहू."

चाचा उठले. लोक बाजूला झाले. मी त्यांच्या मागं जिन्यापर्यंत धावले.

"चाचा, मी... शेठनं मले..."

ते पहिल्या पायरीवर थांबले. हात भिंतीवर. मागं वळले नाहीत.

"बोलाची येळ होती तवा नाही बोलली. आता काहून बोलून राह्यली?"

आणि पायऱ्या मोजत उतरून गेले. अठरा. मी पण त्यांच्याबरोबर मनात मोजत होते.

त्या दिवसापासून पुसदमध्ये चाचांची गोष्ट एकच आहे: आंधळा होता, लपवून काम करत होता, पोरांच्या काठ्या बाद केल्या. पोरं मला सांगतात, "ताई, तुम्ही आल्या ते बरं झालं." एक काठी. एकच बाद झाली, आणि ती त्यांनी केली नाही. हे मी त्या पोरांना सांगत नाही. टिप तासते, अंगठा फिरवते, काठी देते. लोक म्हणतात, बाईचा हात चांगला आहे. शेठ आता माझ्याशी तोऱ्यात बोलत नाही, कारण नांदेडहूनसुद्धा स्टिका माझ्या नावानं येतात. पण खोली अजून त्याचीच आहे.

चाचा मशीन देऊन गेले, माफी मात्र सोबत घेऊन गेले. मी खूपदा विचार केला, असं का केलं असेल. कधी वाटतं, मी उघड्यावर पडू नये म्हणून. कधी, विशेषतः हात थकले की, वाटतं की उपकार कसला, ही शिक्षाच आहे. जिथं बसून गप्प राहिलीस तिथंच रोज बस. ते तसे कडू होतेच. दोन्ही खरं असेल. मला त्यातलं एक निवडता येत नाही, आणि दोन्हीसाठी त्यांचे आभारच मानावे लागतात, कारण पोट त्याच्यावर आहे.

एकदा दिसले. यवतमाळच्या एसटी स्टँडवर, बाकावर, लेकीबरोबर. लेक कळंबला असते, ते आता तिच्याकडे राहतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. दोन्ही डोळ्यांवर काळा चष्मा. लेक तिकिटाची चौकशी करायला गेली आणि मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. हात लांबवला असता तर लागला असता. माझ्यामुळं वारा अडला असावा.

"कोन हाय?" त्यांनी विचारलं.

बोलायची दुसरी वेळ माझ्या हातात आली होती. लेक परत येताना दिसली. मी बाजूला झाले, आणि कळंबची गाडी लागेपर्यंत पुस्तकाच्या दुकानाआड उभी राहिले.

चाचा, हे लिहिते आहे ते कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल, या आशेवर नाही. तुम्ही वाचून घेणाऱ्यातले नाही, अर्ध्यातच म्हणाल, मतलबाचं बोल. मतलबाचं इतकंच आहे. मी आठवड्याला थोडं थोडं बाजूला टाकते आहे, शेठच्या नसलेल्या एका खोलीसाठी. ती झाली की कळंबला येईन, तुमच्या लेकीला आधी सगळं सांगेन. मग तुम्हाला रविवारी पुसदला आणीन, हॉल भरलेला असताना, आणि शेठसमोर, त्या मोबाईलवाल्या पोरांसमोर मोठ्यानं सांगेन की त्या दिवशी तुमचा हात चुकला नव्हता. तुम्ही विचारलं होतं. मला दिसत होतं. त्यानंतर काम राहील की जाईल, माहीत नाही. अजून धीर होत नाही, हे पण खरं. पण येईन मी, चाचा. तुम्ही आहात तोवर येईन.